परिषदेंतील भित्तिपत्रक-सत्र : योजना व व्यवस्था

इतिहास-परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेंत ‘भित्तिपत्रक-सत्र’ हें सदर अलीकडे वारंवार दिसूं लागलें आहे. महाविद्यालयांतील तरुण मंडळी त्यास नुसतें ‘पोस्टर’ म्हणतात. एका मोठ्या कागदावर आपला शोध मांडावयाचा, तो कागद दालनांत टांगावयाचा, आणि ठरलेल्या वेळीं त्याच्याजवळ उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या शंकांस उत्तरें द्यावयाचीं, एवढाच हा प्रकार आहे. जुन्या पिढीच्या संशोधकांत त्याविषयीं फारसा आदर नाहीं. ज्यांस व्यासपीठावर वेळ देतां येत नाहीं त्यांची बोळवण करण्याची ही युक्ति होय, असा त्यांचा ग्रह आहे. आणि कांहीं परिषदांतील अनुभव पाहतां तो अगदींच निराधार म्हणवत नाहीं. तथापि जुनीं कागदपत्रें, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांच्या अभ्यासास निबंधवाचनापेक्षां हें सत्रच अधिक मानवण्यासारखें आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें कां, आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली या टापूंत असें सत्र भरवावयाचें झाल्यास तें कोणत्या रीतीनें भरवावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या विषयांतील पुष्कळसे वाद शेवटीं एखाद्या अक्षरावर किंवा अंकावर येऊन ठेपतात. अंबरनाथच्या शिवालयांतील शिलाहारकालीन लेखाचेंच उदाहरण घ्यावें. डॉ. भाऊ दाजी यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा वाचला, व तोच वाचनभेद मान्य झाला. एका अंकाच्या वाचनानें देवालय इ. स. ८६० मधून १०६० मध्यें आलें. असा वाद व्यासपीठावरून वाचून दाखविल्यास श्रोत्यास काय उमगणार? एक विद्वान् सात म्हणतो, दुसरा नऊ म्हणतो. ऐकणारा ज्याचें नांव मोठें त्याच्या बाजूस झुकतो. तोच ठसा भिंतीवर लावून शेजारीं त्याच काळच्या इतर लेखांतील सात व नऊ हे अंक मांडून ठेवले, म्हणजे पाहणाऱ्यास स्वतःच्या डोळ्यांनीं निवाडा करितां येतो. पुढें सांगावयाच्या सर्व व्यवस्थेचा हेतु एवढाच आहे कीं, पुरावा पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें यावा आणि त्यावर त्यानें घेतलेली हरकत वाऱ्यावर जाऊं नये.

हा प्रकार मूळचा शास्त्रज्ञांचा. युरोपांत १९६९ सालीं माद्रिद येथें भरलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेंत, व अमेरिकेंत १९७४ सालीं मिनीॲपोलिस येथें त्याचा अवलंब झाला, आणि तेथून तो इतर शास्त्रांत पसरला. आपणांस मात्र तो सर्वस्वीं परका वाटूं नये. इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्‌स कमिशनची स्थापना १९१९ सालीं झाली. त्याच्या अधिवेशनांबरोबर ऐतिहासिक कागदपत्रांचें प्रदर्शन मांडण्याची चाल होती. प्रदर्शनांत वस्तु असते व तिच्याजवळ पहारेकरी असतो. भित्तिपत्रकांत वस्तूवरून काढलेलें अनुमान असतें व त्याच्याजवळ तें काढणारा स्वतः असतो, हाच काय तो फरक.

या टापूंत अशा सत्राची गरज विशेष आहे. येथील संशोधनाचा आरंभ फार जुना. ठाण्याच्या किल्ल्यांत १७८७ सालीं खणतांना शिलाहार अरिकेसरीचे शके ९३९ चे ताम्रपट निघाले, आणि पंडित रामलोचन यांनीं उलगडलेला त्यांचा अर्थ ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडांत छापला गेला. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें आहेत. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. असें असतां खाजगी घरांतील कागदांची स्थिति शोचनीय आहे. जुने वाडे पाडून त्या जागीं मजल्यांवर मजले चढत आहेत. माळ्यावरचे रुमाल खालीं येतात ते नव्या सदनिकेंत जागा नाहीं म्हणून. आणि पुष्कळदां ते संशोधकाच्या हातीं पडण्यापूर्वीं रद्दीवाल्याच्या तागडींत पडतात. ज्या थोड्या गृहस्थांनीं ते राखले आहेत त्यांतील बहुतेकांस वीस पानांचा निबंध लिहिण्याची संवय नाहीं, आणि सभेंत उभें राहण्याचा संकोच असतो. त्यांच्यापाशीं एक सनद असते, दोन महजर असतात, एखाद्या गधेगाळीचा आपण स्वतः घेतलेला ठसा असतो. अशा गृहस्थास ‘निबंध पाठवा’ म्हणून लिहिलें तर तो उत्तरच देत नाहीं. ‘एक कागद, एक प्रश्न’ असें लिहिलें तर तो येतो.

म्हणून आवाहनपत्र परिषदेपूर्वीं निदान तीन महिने निघावें, व त्यांत मागणी स्पष्ट असावी. दीडशें शब्दांचें टिपण मागवावें. त्यांत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कागद वा वस्तु कोठून मिळाली; मालकाची संमति आहे कीं नाहीं; ती पूर्वीं कोठें छापली गेली आहे काय; आणि तिजवरून कोणती नवी गोष्ट सिद्ध होते असें प्रेषकास वाटतें. निवड करणाऱ्यांनीं मथळ्यावरूनच पुष्कळ ओळखावें. ‘कल्याणचा इतिहास’ हें भित्तिपत्रक होऊं शकत नाहीं. ‘कल्याण प्रांतांतील एका सनदेची तारीख’ हें उत्तम होतें. छापलेला कागद पुनः आणणारे प्रामाणिक लोक बरेच असतात. त्यांस नकार देण्याऐवजीं, तुमची प्रत छापील पाठाशीं ताडून पाठभेद मांडा, असें सुचवावें. त्यांतून कधीं कधीं छापील पाठाचीच चूक निघते.

पत्रकाचा आकार ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटर, म्हणजे छापखान्यांत ज्यास ‘ए-वन’ म्हणतात तो, पुरेसा आहे. याच्या दुप्पट आकाराचा हट्ट कांहीं संयोजक धरितात. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्यें तेवढी गुंडाळी घेऊन चढण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसावा. मजकूर चारशें शब्दांहून अधिक नको, व टाइप चोवीस पॉइंटांहून लहान नको. पांच फुटांवरून वाचतां आला पाहिजे. मथळ्याखालीं आपलें अनुमान एका वाक्यांत मोठ्या अक्षरांनीं द्यावें. माइक मॉरिसन या अमेरिकन अभ्यासकानें २०१९ सालीं असें सुचविलें कीं, पत्रकाचा मध्यभाग या एका वाक्यासच द्यावा, बाकीचा तपशील कडेला न्यावा. त्याची सूचना शास्त्रीय विषयांत पुष्कळांस पटली. आपल्या विषयांत मात्र मध्यभाग मूळ लेखाच्या प्रतिमेचा आहे, तो दुसऱ्या कशासही देऊं नये. प्रतिमेशेजारीं मोजपट्टी असावी. मोडी अक्षर मुळाच्या दुप्पट तरी मोठें केलेलें असावें. खालीं बाळबोध लिप्यंतर ओळीस ओळ जुळवून द्यावें. जें अक्षर लागलें नाहीं तेथें टिंबें द्यावींत, अंदाजानें भरूं नये. अशा टिंबांची लाज वाटण्याचें कारण नाहीं. पाहणारा बहुधा तेथेंच थांबतो.

कालनिर्णय नुसता लिहूं नये, तो कसा काढला तें पायरीपायरीनें दाखवावें. सुहूर सनांत कोणी सरसकट ५९९ मिळवितात. परंतु हें वर्ष मृगारंभीं, म्हणजे ज्येष्ठाच्या सुमारास पालटतें. सबब इसवी सनाच्या जानेवारीपासून वर्ष पालटेपर्यंतच्या तारखांस ६०० मिळवावे लागतात. ‘सबा सलासीन मया व अलफ’, म्हणजे ११३७, या सनांतील चैत्राच्या कागदास ५९९ मिळविले तर तो १७३६ चा ठरतो, आणि साष्टीवरील स्वारीच्या एक वर्ष आधींच चिमाजीआप्पांचें सैन्य ठाण्याच्या किल्ल्याखालीं येतें. ६०० मिळविले म्हणजे तो १७३७ च्या वसंतांत योग्य जागीं बसतो. मोडकांच्या किंवा खऱ्यांच्या जंत्रीवरून तिथि-वार ताडले असल्यास तसें लिहावें. गणित भिंतीवर असलें कीं चूक पांच मिनिटांत सांपडते. निबंधांत तीच चूक वर्षानुवर्षें टिकते.

आतां मूळ कागदांविषयीं. ते टांगूं नयेत, दालनांत आणूंही नयेत. मोडी कागदांवरील काजळीची शाई उजेडानें सहसा उडत नाहीं हें खरें. पण ती ओल लागली कीं पसरते, आणि खाडीकांठच्या या प्रदेशांत हवा बहुतेक वर्षभर दमट असते. कागद स्वतः उजेडानें पिवळा पडून ठिसूळ होतो. टाचणीचें भोंक तर कायमचें. चांगलें छायाचित्र हेंच पत्रकाचें साधन होय. कोणास मूळ पाहून खात्री करावयाची असेल तर मालकानें आपल्या घरीं, टेबलावर, हात धुवून ती करूं द्यावी. पत्रकावर चकचकीत प्लास्टिकचें आवरण घालण्याची चालही सोडावी. त्यावर दिव्याचें प्रतिबिंब पडतें व नेमकी वादाची ओळ दिसेनाशी होते.

जागेची निवड संयोजक सहसा शेवटीं करितात. ती आधीं करावी. एका अधिवेशनांत पत्रकें जिन्याच्या वळणावर टांगलीं होतीं. पाठीशीं खिडकी, त्यामुळें पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप. दुपारीं पंखे सुरू झाले तशी चिकटपट्टी सुटून तीन पत्रकें खालीं आलीं, व त्यांतील एक चहा नेणाऱ्या मुलाच्या पायाखालीं गेलें. तें माझेंच होतें. तेव्हांपासून मी फळ्या पाहिल्याशिवाय पत्रक पाठवीत नाहीं. फळ्या उभ्या व भक्कम असाव्यात, पत्रकाचा मध्य जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर यावा, दोन रांगांमध्यें सात-आठ फूट मोकळे असावेत. उजेड वरून व पाहणाऱ्याच्या पाठीमागून यावा. पावसाळ्यांत हें सत्र भरवूंच नये. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ चांगला. वार शक्यतों शनिवार धरावा. रविवारीं मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर कल्याणचे पाहुणे ठाण्यास पोंचेपर्यंत पत्रकें उतरविण्याची वेळ होते.

पत्रकें किती असावींत हा हिशेबाचा प्रश्न आहे. एका पत्रकापाशीं उभें राहून वाचावयास व दोन शब्द बोलावयास चार मिनिटें लागतात. दीड तासांत मनुष्य फार तर बावीस पत्रकें पाहील, आणि तितकींही पाहतांना दमेल. म्हणून चोविसांवर जाऊं नये. त्यांस क्रमांक द्यावेत. पहिलीं पंचेचाळीस मिनिटें विषम क्रमांकांच्या लेखकांनीं उभें राहावें, पुढचीं पंचेचाळीस सम क्रमांकांच्या, म्हणजे प्रत्येकास दुसऱ्यांचीं पत्रकें पाहतां येतात. त्याच वेळीं दुसऱ्या दालनांत व्याख्यान ठेवणें ही लेखकांची फसवणूक होय. चहाच्या सुट्टींत सत्र उरकणें हीही तीच.

याहून महत्त्वाची एक तजवीज आहे. मोडी उत्तम वाचणारा एक व शिलालेखांचा जाणता एक, असे दोन वाचक संयोजकांनीं आधींच नेमावेत, व त्यांनीं प्रत्येक पत्रकापाशीं जाणें बंधनकारक असावें. नाहीं तर ओळखीच्या माणसाभोंवतीं घोळका जमतो, आणि प्रथमच आलेला संग्राहक आपल्या सनदेशेजारीं एकटा उभा राहतो. तो पुढल्या वर्षीं येत नाहीं, व त्याचे कागदही येत नाहींत. प्रत्येक फळीस एक पिशवी व कोऱ्या चिठ्ठ्या बांधाव्यात. ज्यास निराळें वाचन सुचेल त्यानें तें ओळीच्या क्रमांकासह लिहून, सही करून टाकावें. बक्षिसें ठेवावयाचीं असल्यास माझी हरकत नाहीं. फक्त रंगसंगतीस देऊं नयेत.

संग्राहकांच्या मनांत एक भीति असते, व ती उघड बोलून दाखविण्याचा संकोचही असतो: कोणी छायाचित्र घेऊन आपला कागद आपल्या आधीं छापील. ही भीति खोटी नाहीं. तिच्यावर उपाय, पत्रकाच्या कोपऱ्यांत ‘छायाचित्र घेण्यास परवानगी आहे’ किंवा ‘नाहीं’ असें स्पष्ट छापावें व स्वयंसेवकांनीं तें पाळावयास लावावें. शिवाय परिषदेच्या अहवालांत प्रत्येक पत्रकाचा क्रमांक, दिनांक, लेखकाचें नांव व दीडशें शब्दांचें टिपण छापलें जावें. मग अग्रक्रम कोणाचा हा तंटा उरत नाहीं. अहवाल सहा महिन्यांच्या आंत निघाला पाहिजे. तो न निघाला तर सारा खटाटोप एका दुपारच्या करमणुकीपुरता.

सत्र संपल्यावर पत्रकें बहुधा दालनांतच राहतात व दुसऱ्या दिवशीं झाडूवाल्याकडे जातात. म्हणून प्रत्येक पत्रकाची एक लहान प्रत लेखकाकडून आधींच घ्यावी, तिला पिशवींतील चिठ्ठ्या जोडाव्यात, आणि तो संच स्थानिक ग्रंथसंग्रहालयांत नोंदवून ठेवावा. चिठ्ठींतील वाचन मान्य झालें तरी पत्रकावरील मूळ वाचन खोडूं नये. नवें शेजारीं लिहावें, आणि त्याखालीं वाचणाऱ्याचें नांव व तारीख.