बाणगंगेच्या धास्तीपायी मुलांची तपासणी टाळू नका

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ‘बाणगंगा’ म्हटलं की आधी तिथलं मानसिक रुग्णालयच आठवतं. त्यामुळे ‘मुलाला एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा’ असं शाळेने सुचवलं, की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ‘आमच्या पोराला वेड लागलंय का?’

नाही. प्राथमिक तपासणी म्हणजे निदान नव्हे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची १९९७ची प्रश्नावली अशा तपासणीसाठी जगभर वापरतात. तिच्यात अवघे २५ प्रश्न आहेत: मूल चिंतेत असतं का, भांडतं का, त्याला मित्र आहेत का, दुसऱ्याला मदत करतं का. पालक आणि शिक्षक दोघेही ती भरू शकतात. गुण जास्त आले तर तज्ज्ञांनी नीट पाहायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. कित्येकदा पुढे काहीच निघत नाही.

‘वयाचा दोष आहे, मोठा झाला की सुटेल’ हा समज सगळ्यांत महाग पडतो. प्रौढांमधल्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्मे अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. हट्ट, रुसवे, अबोला हे सगळ्याच मुलांत असतं. पण झोप उडाली, खेळ सुटला, शाळा नकोशी झाली आणि हे आठवडेच्या आठवडे टिकलं, तर वाट पाहू नये.

घरात कुणाला आजार असेल तर मुलांना होणारच, असंही अनेक जण धरून चालतात. जोखीम वाढते हे खरं. पण आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असला, तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना तो होत नाही. अशा मुलांकडे लवकर लक्ष द्यायचं ते जोखीम वाढलेली असते म्हणून. त्यांच्या कपाळी आजार लिहिलेला आहे म्हणून नव्हे.

‘जीव द्यावासा वाटतो का, असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात तेच शिरेल’ ही भीती मला समजते, पण ती निराधार आहे. सरळ, मायेने विचारल्याने धोका वाढत नाही. कित्येक मुलांना उलट हायसं वाटतं.

आणि ही तपासणी म्हणजे श्रीमंतांचा चोचला नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा जाणं अपेक्षित आहे. स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता यांचीही तपासणी त्यात येते. मात्र नुसता तक्ता भरून मूल घरी पाठवलं आणि पुढचे उपचार मिळालेच नाहीत, तर तो त्या मुलावर अन्याय आहे. म्हणून पथक येऊन गेलं की ‘पुढे कुठे न्यायचं?’ हे पालकांनी हक्काने विचारावं.

रुग्णालयाची पायरी चढायला मन धजावत नसेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. मूल तयार नसेल, तर आधी आईने किंवा वडिलांनी एकट्याने फोन केला तरी चालतो.