ट्रेलरचा ब्रेक पट्टीने का मोजतात?

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनर वाहून नेणारी लांबलचक वाहने दिसतात. पुढे इंजिन असलेला ट्रॅक्टर असतो. त्याच्या पाठीवर पुढचा भार टेकवलेला आणि फक्त मागे चाके असलेला सांगाडा म्हणजे सेमी-ट्रेलर. त्याला ना इंजिन, ना सुकाणू. मग त्याची वेगळी सुरक्षा-तपासणी कशासाठी? अमेरिकेतील नियम याबाबत बरेच तपशीलवार आहेत. त्यांच्या आधारे उत्तर शोधू.

तेथे ट्रॅक्टर आणि सेमी-ट्रेलर या दोहोंची निरनिराळी तपासणी दर बारा महिन्यांत एकदा तरी व्हावीच लागते. कारण उघड आहे. एकच ट्रेलर आज एका ट्रॅक्टरला, तर उद्या दुसऱ्याला जोडला जातो. तपासणीत जोडणी, दिवे, टायर, चाके, कमानी, सांगाडा हे सारे पाहतात. मागून धडकलेली मोटार ट्रेलरखाली घुसू नये म्हणून बसवलेला आडवा दांडाही २०२१ पासून यादीत आला. पण यांत कळीचा भाग ब्रेकचा.

तेथील महामार्गांवर अशा वाहनाचे भारासह वजन सुमारे ३६ टन असू शकते. वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरू. गतिज ऊर्जेच्या सूत्रानुसार (½ × ३६,००० × २५ × २५) उत्तर येते १,१२,५०,००० ज्यूल. वाहन थांबवताना यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने प्रकटते. तेवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे सुमारे ३६ लिटर पाणी उकळू लागेल! पाच आसांच्या वाहनात हे काम दहा ब्रेक वाटून घेतात. त्यांपैकी चार ट्रेलरवर असतात.

चालक पायटा दाबतो तेव्हा दाबाखालची हवा प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात शिरते. डब्यातला रबरी पडदा एक दांडा पुढे ढकलतो आणि ब्रेकचे शू ड्रमवर आतून दाबले जातात. पडद्याचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच आणि हवेचा दाब चौरस इंचाला १०० पौंड असेल, तर बल ३,००० पौंड मिळते. मात्र दांडा जास्तीत जास्त अडीच इंचच सरकू शकतो आणि शेवटच्या टप्प्यात बल झपाट्याने घटते.

शूवरचे लायनर झिजले की दांड्याला अधिक सरकावे लागते. शिवाय ड्रम तापून प्रसरण पावतो. ४२ सेंटिमीटर व्यासाच्या बिडाच्या ड्रमचे तापमान ३०० अंशांनी वाढले, तर व्यास सुमारे १.४ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे लांब उतारावर, नेमकी गरज असताना, दांड्याची चाल संपण्याची भीती. म्हणूनच वरील मापाच्या नेहमीच्या डब्यासाठी दांड्याची चाल २ इंचांपेक्षा जास्त नसावी, असा दंडक आहे.

हा दोष चालकाला जाणवत का नाही? हवा मोठ्या प्रमाणात गळाली, तर दाब उतरताच डब्यातील जोरदार स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतात. तो दोष स्वतःच ओरडून सांगतो. वाढलेली चाल मात्र मुकी असते. पायटा फक्त हवा सोडतो. दांडा एक इंच सरकला काय किंवा अडीच इंच, पायाला सारखेच लागते. म्हणून कुणीतरी ट्रेलरखाली जाऊन, ब्रेक सुटलेले असताना दांड्यावर खडूने खूण करायची, मग पायटा पूर्ण दाबवून खूण किती सरकली ते पट्टीने मोजायचे. १९९४ पासून तेथील नव्या ट्रेलरना ही चाल आपोआप कमी करणारे साधन सक्तीचे झाले. पण ते साधनही बिघडू शकते; त्यामुळे पट्टी सुटलेली नाही. रस्त्यावरच्या तपासणीत दहांपैकी दोन ब्रेक सदोष निघाले, तर वाहन तेथेच थांबवले जाते.

वर्गात हे सायकलवर दाखवता येईल. ब्रेकची तार ढिली करा. मूठ हँडलला टेकते, तरी चाक फिरतच राहते. सायकलस्वाराला हा ढिलेपणा हाताला कळतो. ३६ टनांच्या वाहनाच्या चालकाला तो कळत नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आले की तपासणीचे कारण निराळे सांगावे लागणार नाही.