निळ्या बाईचं माहेर

सिओना बेंजामिन यांच्या चित्रांतली बाई निळी असते. १९६० साली मुंबईत जन्मलेल्या, जे. जे.त शिकून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीच्या ‘फाइंडिंग होम’ मालिकेत ती कधी लिलिथ होते, कधी सारा, कधी अनेक हातांची देवी. निळा हा आभाळाचा आणि समुद्राचा रंग, कुठल्याच एका देशाचा नव्हे, असं त्या स्वतः सांगतात. त्यामुळे परदेशात वाट्याला आलेल्या उपरेपणाचं चित्र म्हणून ही बाई पाहिली जाते. मला मात्र तिचं माहेर इथलंच वाटतं.

सिओनांचा समाज बेने इस्रायली ज्यूंचा, अस्सल कोकणातला. पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले ही त्यांची परंपरा. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर. पुढे त्यांची वस्ती माझगाव, भायखळा, आग्रीपाड्यात वाढली. त्यांच्या घरी मलिदा या विधीच्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, फळं येतात आणि प्रार्थना एलियाहू हनबी या प्रेषिताची होते. नवरीला हळद-मेंदी लागते, गळ्यात मंगळसूत्र पडतं. हे सारं जपलं ते मुख्यतः बायकांनी. एक धरायचं म्हणून दुसरं टाकायचं, हे त्या घरांना ठाऊकच नव्हतं. ‘टिक्कून हा-ओलाम’ या चित्रात निळ्या देवीचे हात मेनोराच्या, म्हणजे ज्यू दीपवृक्षाच्या फांद्यांसारखे पसरतात, तेव्हा तीच रीत कागदावर उतरते.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. ज्यू धर्माला मूर्ती वर्ज्य, मग देवी कशी? पण अनेक बेने इस्रायली घरांत रथारूढ एलियाहूची तसबीर भिंतीवर असतेच. तिची पूजा होत नाही, आठवण राहते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही सरमिसळ परक्या प्रेक्षकाला भुलवण्यासाठी तर नाही? नुसती सजावट असती तर हा संशय मान्य केला असता. पण लिलिथ ही परंपरेनं राक्षसीण ठरवलेली बाई. सिओना तिला कॉमिक्सच्या शैलीत रंगवून तिच्या तोंडी संतापाची भाषा देतात. बायबलमधल्या सारा आणि हागार या सवती. एकीचा वंश ज्यूंचा मानतात, दुसरीचा अरबांचा. ‘बिलव्हेड’मध्ये त्या दोघी एकमेकींना मिठी मारतात. प्रेक्षकाला खूश करायला निघालेला चित्रकार इतक्या दुखऱ्या जागी हात घालत नाही.