आकाशातले चारशे किलोमीटर

औशापासून मुंबईपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती सुमारे चारशे किलोमीटर भरते. पॅरिस ते ल्यों हे अंतरही जवळपास तेवढेच. छोटे विमान ते तासाभरात कापते, आणि जवळच्या लातूरची धावपट्टी 1991 साली झाल्यापासून या तासाची आशा इथल्या माणसाला लागून राहिली आहे. पण गेल्या शंभरेक वर्षांचा हिशेब मांडला, तर औशाला मुंबईच्या जवळ आणले ते रुळांनीच, असे मला ठामपणे वाटते.

1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ लातूरला पोचले. मात्र मुंबईला जायचे तर कुर्डुवाडीला गाडी बदलणे आलेच. मालही एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. ही अडचण नव्वदहून अधिक वर्षे टिकली. 2007-08 मध्ये उस्मानाबादमार्गे ब्रॉडगेज पूर्ण झाली आणि रात्री लातूरला गाडीत बसलेला माणूस सकाळी थेट मुंबईत उतरू लागला. औशात रेल्वे नाही, पण लातूर वीसच किलोमीटरवर आहे. त्याच सुमारास किंगफिशर या विमान कंपनीने लातूर मुंबईशी हवाईमार्गे जोडले. ती सेवा टिकली नाही. एप्रिल 2017 मध्ये उडान योजनेच्या अगदी पहिल्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता, पुढे नांदेडहून मुंबईचेही विमान सुटू लागले. औसेकराला मात्र त्यासाठी आधी सुमारे दीडशे किलोमीटर उलट दिशेला जावे लागणार. रस्त्याचे तीन तास, विमानतळावरचा तास, उड्डाणाचा तास आणि मुंबईतली वाहतूक यांची बेरीज केली, की तिकिटावरचा तास अर्ध्या दिवसाचा होतो.

यावर कोणी म्हणेल, रेल्वेचे आरक्षण तरी कुठे मिळते? खरे आहे, पण त्यावर उपाय जास्त गाड्या हाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: अत्यवस्थ रुग्णाचे काय, आपत्तीचे काय? 1993 च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले किल्लारी औसा तालुक्यातलेच. त्यासाठी धावपट्टी सदैव सज्ज हवी, याबद्दल वादच नाही. पण संकटात लागणारी धावपट्टी आणि रोजच्या प्रवाशाची सोय या दोन वेगळ्या गरजा आहेत. यातली दुसरी गरज रेल्वे कशी भागवते, ते फ्रान्समध्ये दिसते. पॅरिस-ल्यों मार्गावर 1981 मध्ये टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. ती आता दोन तासांत पोचवते. म्हणूनच 2023 मध्ये फ्रान्सला पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून ल्योंला जाणारी विमाने बंद करता आली. तेवढा वेग, तेवढा खर्च इथे कोणी मागत नाही. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे, 2023 पासून पुणे ते लातूरलगतचे हरंगुळ अशी दिवसाची गाडी धावते आहे. ती मुंबईपर्यंत न्यावी आणि तिचा वेग वाढवावा, ही मागणी विमानाच्या आधी लावून धरायला हवी.