हुप्प्या पकडला म्हणून कळप जात नसतो

आंब्याला मोहोर धरला की रत्नागिरीत दोन गोष्टींना ऊत येतो. एक फवारणीची औषधं, दुसरी फुकटचे सल्ले. त्यातला एक सल्ला इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकायला मिळतो, की एकदाचं त्याचं काय ते करून टाकलेलं बरं. सल्ला असा: "सगळी वानरं पकडत कशाला बसता? त्यांचा राजा पकडा. तो मोठा हुप्प्या नेलात की बाकीचा कळप आपोआप पांगतो. डिस्कव्हरीवर दाखवतात की!"

गोळप-पावसच्या बागायतदारापासून राजापूरच्या भाजीवाल्यापर्यंत कोणीही हे सांगतं. विरोध केला की खिशातून मोबाइल निघतो. पडद्यावर एक दांडगा नर छाती बडवत असतो आणि निवेदक धीरगंभीर आवाजात त्याच्या साम्राज्याबद्दल बोलत असतो. नीट पाहिलं तर तो प्राणी निघतो गोरिला. तोही रवांडातला.

गोरिलाच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याच अंशी खरा आहे, हे आधी मान्य करू. पर्वतीय गोरिलांच्या ज्या गटात एकच प्रौढ, पाठ पांढरी झालेला नर असतो, तिथे तो मेला की माद्या दुसऱ्या गटांत निघून जातात आणि गट मोडतो. डायन फॉसी यांनी १९६७ साली रवांडात कारिसोके हे संशोधन केंद्र उभारलं. त्यांच्या अभ्यासातल्या चौथ्या क्रमांकाच्या गटाचा प्रमुख नर 'अंकल बर्ट' १९७८ साली शिकाऱ्यांच्या हातून मारला गेला आणि तो गट विस्कटला. त्याच काळात डेव्हिड अ‍ॅटनबरो त्या डोंगरात गोरिलांच्या मधोमध बसले. १९७९ च्या 'लाइफ ऑन अर्थ' मालिकेतलं ते दृश्य जगभर गाजलं. पुढे १९८८ मध्ये फॉसींवर चित्रपटही आला. राजा, त्याचं कुटुंब, राजा गेला की वाताहत, ही गोष्ट प्रेक्षकांच्या डोक्यात बसली ती अशी.

दुसरा गाजलेला नट म्हणजे चिंपांझी. त्याच्यावर तर चित्रपट-मालिकांची रांगच आहे. २०१२ चा 'चिंपांझी', २०२३ ची 'चिंप एम्पायर'. या दुसरीच्या नावातच साम्राज्य आहे. चिंपांझींमध्ये नर जन्मभर आपल्याच गटात राहतात आणि बहुतेक माद्या वयात आल्यावर दुसरीकडे जातात. त्यामुळे भाऊबंदकी, युत्या, गादीसाठी मारामाऱ्या हे सगळं तिथे खरोखरच चालतं. नरांभोवती गोष्ट गुंफली तर ती फारशी खोटी ठरत नाही.

आता आपल्या कलमांवर उड्या मारणारा काळतोंड्या. त्याच्याकडे नेमकं उलट असतं. वानराची मादी ज्या टोळीत जन्मते त्याच टोळीत सहसा म्हातारी होते. आजी, आई, मावशी, मुलगी, नात एकाच मुलखात पिढ्यान् पिढ्या राहतात. नर मात्र वयात येण्याच्या सुमारास बाहेर पडतो किंवा हाकलला जातो. मग तो नुसत्या नरांच्या टोळीत भटकतो आणि संधी साधून एखाद्या माद्यांच्या टोळीवर चाल करतो. राजस्थानात जोधपूरजवळच्या दीर्घकाळच्या अभ्यासात एका नराचा असा कारभार सरासरी दोन-सव्वादोन वर्षं टिकलेला दिसला. हुप्प्या म्हणजे बदलीवर आलेला साहेब. खुर्ची त्याची असते, पण कुठली फाइल कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. पालवी कुठे आधी फुटते, कुठल्या बागेला राखणदार नाही, पाणी कुठे टिकतं, ही माहिती मुरलेली असते ती जुन्या माद्यांत.

तेव्हा साहेब उचलून नेला तर काय होईल? हा प्रश्न कल्पनेवर सोडायची गरज नाही. हा प्रयोग होऊन साठ वर्षं उलटली, आणि तो आफ्रिकेत नव्हे, आपल्या शेजारी धारवाडला झाला. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा १९६१ पासून धारवाडच्या परिसरात वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी एका टोळीतला एकुलता एक प्रौढ नर मुद्दाम काढून घेतला. रत्नागिरीच्या सल्लागारांच्या हिशोबाने त्या माद्या रडत-ओरडत जंगलात निघून जायला हव्या होत्या. तसं काही झालं नाही. शेजारचा नर टोळीत शिरला आणि टोळीतली लहान पिल्लं चावून मारली गेली. टोळी पांगली नाही. १९६६ साली 'प्रायमेट्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

पिल्लं का मारली, यावर पुढे बराच वाद झाला. सुरुवातीला अनेकांना ती गर्दीमुळे आलेली विकृती वाटली. अमेरिकी संशोधक सारा ब्लाफर हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर काम करून १९७७ च्या पुस्तकात वेगळं उत्तर मांडलं. नव्या नराकडे वेळ थोडा असतो. मादी अंगावर पाजत असेल तोवर माजावर येत नाही. पिल्लू गेलं की ती लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं होतं. ज्यांना हे फार रंगवलेलं वाटत होतं त्यांच्यासाठी १९९९ मध्ये पुरावा आला. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी झाली आणि पिल्लं मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, हे दिसलं.

बागायतदाराच्या भाषेत याचा अर्थ काय? हुप्प्या पकडण्यासाठी पिंजरा, माणसं, परवानगी, गाडी एवढा खटाटोप केलात. जागा रिकामी झाली. बाहेर ताटकळत बसलेल्यांपैकी एक नर आत आला. चार-सहा तान्ही पिल्लं मेली. त्यांच्या आया एरवी वर्ष-दीड वर्षाने व्यायल्या असत्या, त्या त्याआधीच गाभण राहिल्या. मोहोर ओरबाडणारी तोंडं जागेवरच आहेत. आणि नवा हुप्प्या जुन्यापेक्षा तरुण आहे. पैसे खर्चून हे पदरात पाडून घ्यायचं असेल तर खुशाल राजा पकडावा.

एवढं सांगून झाल्यावर कोणी तरी हमखास म्हणतं, "पण लाल तोंडाच्या माकडांत तरी राजा असतो ना?" नाही हो! आपलं लाल तोंडाचं माकड, ज्याच्या डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखी दिसते, त्याच्या टोळीत तर एकाच वेळी अनेक प्रौढ नर असतात. माद्या इथेही जन्मस्थळीच राहतात. मादीला टोळीतलं स्थान मिळतं ते आईकडून. वरच्या घरची लेक जन्मतःच वरच्या पायरीवर असते. हिमालयाकडच्या वानरांच्या टोळ्यांतही अनेकदा एकापेक्षा जास्त नर दिसतात. म्हणजे 'एक कळप, एक राजा' हा नियम खुद्द वानरांनाही सगळीकडे लागू नाही.

गंमत अशी, की हे सगळं दाखवणारा माहितीपट आहे. २०१५ चा 'मंकी किंगडम' श्रीलंकेतल्या पोलोन्नारुवाच्या प्राचीन अवशेषांत चित्रित झाला. तिथल्या माकडांचा अभ्यास १९६८ पासून चालू आहे, आणि ही माकडं आपल्या लाल तोंडाच्या माकडांची अगदी जवळची भावंडं आहेत. त्या चित्रपटाची नायिका खालच्या पायरीवरची एक मादी आहे. तिला फळ मिळणार की नाही, ती पावसात भिजणार की नाही, हे ठरतं टोळीतल्या वरच्या माद्यांच्या मर्जीवर. चित्रपटात 'राजा' नावाचा नरही आहे. आपल्या लोकांना तेवढा बरोबर आठवतो.

दोष सगळा प्रेक्षकाचा नाही. दोन-तीन वर्षं जंगलात कॅमेरे लावून जे हाती लागतं ते दीड तासात बसवायचं, तर नायक लागतो, खलनायक लागतो, चढाई लागते. वानरांचा दिवस मुख्यतः पानं चघळण्यात, ती पचवण्यात आणि एकमेकींच्या अंगावरचे किडे वेचण्यात जातो. हे दीड तास कोण बघेल? म्हणून 'चिंपांझी' चित्रपटात मुख्य गट आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातला आणि त्याच्यावर चाल करून येणारा शत्रूचा गट युगांडातला. खंडाच्या दोन टोकांना राहणारे प्राणी संकलनाच्या टेबलावर शेजारी झाले. त्याच चित्रपटात पोरक्या पिल्लाला प्रौढ नराने सांभाळल्याची घटना आहे, ती मात्र खरी. खरं आणि जुळवलेलं असं एकाच पडद्यावर येतं. कोणतं कुठलं हे विचारायचं काम आपलं.

आता बाकीचे गैरसमज. हेही ऐकून कान किटले आहेत, पण प्रत्येकाला थोडकीच जागा देतो.

गैरसमज: माकडं सूड घेतात. बीडमध्ये घेतला होता.
वस्तुस्थिती: डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि छपरांवर नेत होती. त्यात पिल्लं मेली, हे खरं. वनखात्याने दोन वानरं पकडली. 'कुत्र्यांनी पिल्लू मारलं म्हणून वानरांनी २५० कुत्री मारली' ही युद्धकथा मात्र जगभर फिरली ती न मोजलेल्या आकड्यावर आणि कोणीही न तपासलेल्या हेतूवर.

गैरसमज: वानरांनी रोबोट पिल्लासाठी सुतक पाळलं, म्हणजे त्यांना मरण कळतं.
वस्तुस्थिती: ती चित्रफीत खरी आहे. बीबीसीच्या २०१७ च्या 'स्पाय इन द वाइल्ड' मालिकेतली, राजस्थानातली. खोटं पिल्लू उंचावरून पडलं, टोळी गोळा झाली, शांत झाली, काही जणी एकमेकींना बिलगल्या. एवढं दिसतं. सुतक आणि करुण संगीत माणसांनी घातलं.

गैरसमज: पडद्यावर ऐकू येतं ते जंगलातलंच.
वस्तुस्थिती: लांबच्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आणि चावण्याचा आवाज माइकपर्यंत पोचत नाही. तो बहुधा नंतर स्टुडिओत तयार करतात.

गैरसमज: दात दाखवतंय म्हणजे हसतंय.
वस्तुस्थिती: ओठ मागे ओढून दात दाखवणारं माकड बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. टक लावून, तोंड उघडून बघत असेल तर ती धमकी. दोन्ही वेळा सेल्फी घेऊ नये.

गैरसमज: वानर असलं की माकड फिरकत नाही.
वस्तुस्थिती: दिल्लीने पाळीव वानरं फिरवून पाहिली. कायद्याचा बडगा आल्यावर वानराचा आवाज काढणारी माणसं नेमली, आणि २०२३ च्या जी-२० परिषदेला वानरांचे कटआउट उभे केले. रत्नागिरीकरांना दिल्लीला जायची गरज नाही. एकाच बागेत सकाळी वानर आणि दुपारी माकड, हे ते रोज बघतात.

गैरसमज: पकडून लांब सोडली की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: २००७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीने वीस हजारांहून अधिक माकडं असोला-भट्टी अभयारण्यात नेली. दिल्लीत माकडं आहेतच, आणि अभयारण्याच्या कडेच्या वस्त्यांचीही तक्रार आहे. इथलं संकट उचलून तिथल्या शेतकऱ्याच्या दारात ठेवायला 'उपाय' म्हणत नाहीत.

गैरसमज: माकडताप माकडाच्या वाऱ्याने होतो.
वस्तुस्थिती: १९५७ मध्ये शिमोग्याकडे ओळखलेला आणि २०१६ मध्ये दोडामार्गात डोकं वर काढलेला हा रोग पसरतो गोचिडीमुळे. माकडं स्वतःच त्याने मरतात.

गैरसमज: चिंपांझी हे शेपूट गळलेलं माकड.
वस्तुस्थिती: चिंपांझी माकडापेक्षा माणसाला जवळचा. आणि तो शाकाहारी साधूही नाही, टोळीने माकडांची शिकार करून खातो.

मग करायचं काय? राजा पकडण्यासारखा झटपट उपाय नाही, हे आधी गिळावं लागेल. वनखात्याचे पिंजरे लागले तरी 'मोठा नर मिळाला' म्हणून टाळ्या वाजवू नयेत. किती माद्या राहिल्या, ते विचारावं. हिमाचल प्रदेशाने दीड लाखाहून अधिक माकडांची नसबंदी केली. तो मार्ग महाग आणि संथ आहे, पण निदान संख्येच्या मुळाशी जातो. राखण करायची तर पालवी आणि मोहोर कोवळा असतानाच करावी. टोळीला बागेची सवय लागल्यावर सुतळी बॉम्बचा उपयोग आवाजापुरताच. राखण वाडीने मिळून, एकाच वेळी करावी. एकट्याने हाकललेली टोळी शेजाऱ्याच्या कलमांवर बसते आणि त्याने हाकलली की परत आपल्याकडे येते. आंबा घाटात गाडी थांबवून बिस्किटं भरवणाऱ्यांना तिथल्या तिथे बोलायला शिकलं पाहिजे. टोळीचा मुक्काम माद्या ठरवतात आणि माद्या खाणं बघून ठरवतात. फुकटचं खाणं बंद झालं नाही, तर दर मोसमाला नवा राजा पकडत बसावं लागेल.

आणि पुढच्या वेळी कोणी मोबाइल पुढे केला, तर त्याला एवढंच विचारा: हा प्राणी कोणता आहे, आणि याच्यात माहेर सोडतं कोण, नर की मादी? उत्तर येत नसेल तर फवारणीचं बोला.