पिवळ्या रेषेपासून हिरव्या रेषेपर्यंत

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ पाहुण्यांना दाखवले जातात आणि सांगितले जाते, की १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञांनी इथेच दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला. वर्तमानपत्रांतही ही हकिगत बहुधा अशीच छापून येते. ओटे खरे आहेत, लॉकियरही खरे आहेत. मात्र १८६८ च्या त्या दिवशी ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता.

ही दुरुस्ती केल्याने विजयदुर्गाचे काही कमी होत नाही. उलट दोन ग्रहणांची सरमिसळ सोडवली, की मधल्या तीस वर्षांत आणि त्यानंतर या भूमीवर प्रकाशाचे वाचन कसकसे होत गेले ते नीट दिसू लागते. ते सगळे एका किल्ल्याच्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि त्यातले एक नाव आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

१८३५ मध्ये ओग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहून ठेवले होते, की तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. खरे तर कळण्याचे साधन तेव्हाच हाताशी होते. जर्मनीतले काच-कारागीर योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेषा मोजल्या होत्या आणि ठळक रेषांना अक्षरेही दिली होती. त्या रेषा म्हणजे काय, हे १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी हायडेलबर्गला उलगडले. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडते आणि तोच शोषते. मीठ ज्योतीत टाकले, की सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा उजळतात. सूर्यप्रकाशात नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा दिसतात, म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे. काँतना जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

त्यानंतरचे एक मोठे ग्रहण म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ चे. खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याला जात होता. जमखिंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला टेनंट आणि फ्रान्सहून आलेले ज्यूल जान्सेन, मच्छलीपट्टणमला पॉगसन अशी माणसे वर्णपटदर्शक घेऊन बसली होती. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट त्यांना पाहायचा होता. तो दिसला, काळ्याऐवजी तेजस्वी रेषांचा. म्हणजे ज्वाला तप्त वायूच्या होत्या. त्यांत एक पिवळी रेषाही होती. बहुतेकांनी ती सोडियमची धरली, कारण पिवळी रेषा म्हटली की सोडियमच डोळ्यांपुढे येई. डोळ्यांसमोर नवे मूलद्रव्य होते आणि ते कोणाला ओळखू आले नाही. यात त्या निरीक्षकांचा दोष मला दिसत नाही. दोन रेषांमधले अंतर फारच थोडे होते आणि ग्रहणाच्या त्या काही मिनिटांत मोजमापाला उसंत नव्हती.

जान्सेन यांना त्या रेषा इतक्या ठसठशीत दिसल्या, की ग्रहणाशिवायही त्या दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी गुंटूरच्या लख्ख उन्हात त्यांनी ते करून दाखवले. तिकडे लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारे लॉकियर हीच कल्पना घेऊन नव्या उपकरणाची वाट पाहत होते. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबरला त्यांनीही बिनग्रहणाच्या सूर्यावर ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेले एक पदक पाडले.

आता मोजमापाला हवा तेवढा वेळ होता. पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही, किंचित बाजूला, ५८७.६ नॅनोमीटरवर आहे, हे स्पष्ट झाले. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत लॉकियर यांनी प्रयोगशाळेत ती रेषा मिळवण्याची खटपट केली. ती कोणत्याच ज्ञात पदार्थात मिळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव रूढ झाले, पण पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. एका रेषेवरून मूलद्रव्य ठरवणे त्यांना धाडसाचे वाटे. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला. म्हणून हेलियमच्या शोधाला एक तारीख आणि एक जागा देता येत नाही. गुंटूर, लंडन आणि रॅम्से यांची प्रयोगशाळा यांत तो सत्तावीस वर्षे पसरलेला आहे.

याच काळात पुण्यात एक वेधशाळा उभी राहिली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे कावसजी दादाभाई नायगमवाला यांना वर्णपटांचा ध्यास होता. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, सरकारने तेवढीच भर घातली. नायगमवाला इंग्लंडला जाऊन उपकरणांची माहिती घेऊन आले, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये रुजू झाले आणि १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा कामाला लागली. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले ते हेच कॉलेज. वेधशाळेत डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण होती. एवढी मोठी दुर्बीण त्या वेळी देशात दुसरी नव्हती.

नायगमवालांनी तिच्यातून जे पाहिले, ते मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे वाटते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात ठळक हिरवी रेषा दिसली होती. ती कशाची, हे कोणाला सांगता येत नव्हते. पुण्याची वेधशाळा चालू झाली तोवर लॉकियर मोठे नाव झाले होते, ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक होते. विश्वातले सारे काही आदळणाऱ्या उल्कांच्या थव्यांतून घडते असा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यात बसवण्यासाठी ते म्हणत, की ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची उरलेली कड आहे. तसे असेल तर रेषा एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण रोखली आणि १८९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेषा दोन्ही बाजूंनी तीक्ष्ण आहे, पट्ट्याची कड ती नव्हे. अमेरिकेत लिक वेधशाळेतल्या कीलर यांची मोजमापेही लॉकियर यांच्या विरोधातच गेली.

वसाहतीतल्या एका महाविद्यालयातला अध्यापक, लंडनच्या प्रस्थापित शास्त्रज्ञाचा दावा तपासतो आणि तो टिकत नाही असे लिहून छापतो, ही घटना पुण्यात १८९१ साली घडली. अभिमानच वाहायचा तर तो इथे वाहावा.

मग १८९८ चा जानेवारी आला. कोकणातून सोलापूर आणि वऱ्हाड ओलांडत ईशान्येला जाणारा खग्रास पट्टा जवळजवळ सारा महाराष्ट्र कापून गेला आणि हिवाळ्याचे निरभ्र आकाश होते. लॉकियर विजयदुर्गावर उतरले. ‘मेल्पोमीनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. जेऊरला नायगमवाला आपली उपकरणे घेऊन गेले, आणि त्याच गावी लिकचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा उभारून बसले. पुलगावला खगोलशास्त्रज्ञ न्यूऑल होते. वऱ्हाडातल्या तळणीला ब्रिटिश हौशी निरीक्षकांचा गट उतरला. त्यात अॅनी माँडर होत्या, ज्यांनी छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातला विलक्षण लांब झोत टिपला, आणि जॉन एव्हरशेड होते. खग्रास अवस्था सुरू होताना सूर्याच्या कडेचा पातळ थर, म्हणजे वर्णावरण, क्षणभर उघडा पडतो आणि शेकडो तेजस्वी रेषा एकदम चमकतात. एव्हरशेड यांनी तो क्षण छायाचित्रात पकडला. हायड्रोजनच्या रेषा दाटत दाटत संपतात, त्यापलीकडच्या अतिनील भागातला अखंड प्रकाशही त्यांच्या पट्टीवर उमटला होता. हेच एव्हरशेड पुढे १९०७ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, आणि सूर्यडागांतून वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे त्यांनी १९०९ मध्ये रेषांच्या सरकण्यावरून दाखवले. त्या परिणामाला आज त्यांचेच नाव आहे.

पुण्याची वेधशाळा मात्र एका माणसाच्या बळावर उभी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. महाविद्यालयाने दुसरा माणूस तयार केला नाही, सरकारनेही त्याची गरज मानली नाही. चोवीस वर्षांच्या कामाचा वारस पुण्यात उरला नाही याची हळहळ आजही वाटते.

रेषांचे वाचन मात्र थांबले नाही. १९२० मध्ये कोलकात्याच्या मेघनाद साहांनी सूर्याच्या वर्णावरणातल्या आयनीभवनावर निबंध लिहिला. तापमान वाढले आणि दाब उतरला, की अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या रेषा बदलतात. किती अणू असे होतील याचे समीकरण त्यांनी दिले. काही रेषा वर्णावरणात जास्त ठळक का दिसतात, याचे लॉकियर यांना पडलेले कोडे त्यातून सुटले. लॉकियर त्याच वर्षी वारले. पुढे सेसिलिया पेन यांनी साहांचे समीकरण ताऱ्यांना लावले आणि १९२५ च्या प्रबंधात हायड्रोजन आणि हेलियम इतर सर्व द्रव्यांच्या मानाने अफाट असल्याचे गणित मांडले. ज्येष्ठांच्या दडपणाखाली त्यांना तो निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. तो खराच होता.

तेजोमेघाच्या हिरव्या रेषेचा उलगडा १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी केला. तोवर तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले होते. प्रत्यक्षात ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली. प्रयोगशाळेत अणू सतत एकमेकांवर आदळत असल्याने त्याला हा प्रकाश सोडायला सवडच मिळत नाही. तेजोमेघ इतका विरळ असतो, की अणू निवांत राहतो आणि ती रेषा उमटते.

असाच निवांत अणू पुढे दीर्घिकांच्या अभ्यासाला उपयोगी पडला. थंड हायड्रोजनचा एकटा अणू सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांतून एकदा आपोआप २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. असे अगणित अणू असल्याने ती ऐकू येते. १९४४ मध्ये व्हान दे हुल्स्ट यांनी तिचे भाकीत केले, १९५१ मध्ये ती सापडली. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेतून येताना ती ताणली जाते, म्हणून तिच्यासाठी लांब लहरींची दुर्बीण हवी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती जुन्नर तालुक्यातल्या खोडदला उभारली. तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि पुणे जवळ होते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून बसवली, म्हणून त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. ही युक्ती देशातच सुचलेली आहे.

या दुर्बिणीने २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले. निबंध ‘नेचर’मध्येच आला. २०२३ च्या जानेवारीत एका दीर्घिकेची तीच रेषा मिळाल्याचे जाहीर झाले. संकेत ८८० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली लहर इथे ४८ सेंटिमीटरची होऊन पोहोचली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने ती सुमारे तीसपट ठळक केली नसती, तर ती आपल्याला कळलीही नसती.

दृश्य प्रकाशाचा वर्णपटही पुण्याच्या परिसरात परत आला आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने गिरवलीला दोन मीटरची दुर्बीण बसवली, ती २००६ पासून चालू आहे. नायगमवालांच्या निवृत्तीनंतर ९४ वर्षांनी.

आणखी एक हिरवी रेषा सांगायची राहिली. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात प्रभामंडलात ५३०.३ नॅनोमीटरवर एक रेषा दिसली आणि तिच्यासाठीही ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी ते लोखंड असल्याचे दाखवले, तेरा इलेक्ट्रॉन हरवलेले लोखंड. इतके इलेक्ट्रॉन सुटायला दहा लाख अंशांहून जास्त तापमान लागते, आणि खालचे सूर्यपृष्ठ तर सहा हजारांच्याच आत आहे. ही उष्णता वर कशी पोहोचते, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावर त्यासाठी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेला प्रभामंडलदर्शक आहे. सूर्याचे बिंब झाकून तो कृत्रिम ग्रहण घडवतो आणि त्याच ५३०.३ च्या रेषेचा वर्णपट घेतो. शेजारी आयुकाची अतिनील दुर्बीण सूर्याच्या चकतीची चित्रे काढते. कोडाईकनालची वेधशाळा, जिथे पुण्याची दुर्बीण गेली, तीही याच बंगळुरूच्या संस्थेची आहे.