काळं दार

मैत्रिणींची प्रेतं पाहून लॉरी खोलीबाहेर येते आणि भिंतीला पाठ लावून हुंदके देत उभी राहते. शेजारीच एका खोलीचं दार उघडं आहे, आत मिट्ट काळोख. आपण लॉरीकडे बघत असतो, कारण उजेड तिच्यावर आहे आणि रडतेही तीच आहे. मग त्या काळोखात काहीतरी फिकट दिसायला लागतं. आधी वाटतं भास झाला. मग कळतं की तो पांढरा चेहरा आहे आणि तो मघापासून तिथेच होता. दार ढकललं गेलं नाही, पाऊल वाजलं नाही, तो माणूस जागचा हललासुद्धा नाही. दिवा तेवढा वाढला.

गेली चौतीस वर्षं मी सांगलीत नाटकांची प्रकाशयोजना करतो. सुरुवात केली तेव्हा गावोगावच्या प्रयोगांना आमच्याकडे मिठाच्या पाण्याचे डिमर असायचे. चिनी मातीच्या बरणीत मीठ घातलेलं पाणी, त्यात दोन धातूच्या पट्ट्या, एक तळाशी आणि एक दोरीला टांगलेली. वरची पट्टी खाली सोडत गेलं की दोन्हींमधलं अंतर कमी होतं, वीज जास्त वाहते, रंगमंचावरचा दिवा उजळत जातो. बरणी गरम व्हायची, पाण्याला वाफ धरायची, बोटाला झटका बसायचा. पण त्या दोरीने मला एक गोष्ट शिकवली. उजेड पुरेसा हळू वाढवला तर तो वाढतोय हे प्रेक्षकाला कळत नाही. त्याला फक्त एवढंच जाणवतं की मघाशी दिसत नव्हतं ते आता दिसतंय. म्हणून काळ्या दारातला तो चेहरा पाहिला तेव्हा मी ओळखलं की हे डिमरचं काम आहे. पुढे वाचनात आलं की खरोखर तसंच होतं. छायाचित्रकार डीन कंडी यांनी त्या मुखवट्यासाठी लहानसा दिवा लावून तो डिमरवर हळूहळू वर आणला होता.

सिनेमा ‘हॅलोविन’, दिग्दर्शक जॉन कारपेंटर, साल 1978. चाकू घेऊन एकेकाला मारत सुटलेल्या माणसाचे जे सिनेमे असतात त्यांना स्लॅशर म्हणतात, आणि पुढच्या असंख्य स्लॅशर सिनेमांना वळण लावलं ते याने. गोष्ट दोन ओळींची. 1963च्या हॅलोविनच्या रात्री, म्हणजे 31 ऑक्टोबरला, सहा वर्षांचा मायकेल मायर्स आपल्या मोठ्या बहिणीला भोसकून मारतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो, आपल्या गावी परत येतो आणि शेजारपाजारची लहान मुलं सांभाळायला गेलेल्या मुलींच्या मागे लागतो. लॉरी ही त्यांतलीच एक. यापलीकडे कथेत काही नाही. तो का मारतो, याचं उत्तर सिनेमा देत नाही.

मी हा सिनेमा पहिल्यांदा 1987 साली पाहिला. मित्राच्या घरी भाड्याचा व्हीसीआर, लायब्ररीतून आणलेली कितव्या तरी प्रतीची कॅसेट, आणि आम्ही सातआठ जण. बरा वाटला. थोडे दचकलो, घरी जाऊन झोपलो. एवढं नाव कशाला झालं असेल याचा, असं मी दुसऱ्या दिवशी म्हणालोही होतो. 2004 साली भाच्याने अमेरिकेहून डीव्हीडी आणली. ती आम्ही तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाहिली आणि त्या रात्री मला कळलं की 1987 साली मी हा सिनेमा पाहिलेलाच नव्हता.

कारण असं. कारपेंटर यांनी हा सिनेमा पॅनाव्हिजनच्या रुंद भिंगांतून चित्रित केला होता. पडद्यावरचं चित्र उंचीच्या दोन पूर्णांक पस्तीस पट रुंद. कॅसेट निघाली ती जुन्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी, त्यात चित्राच्या कडा कापून टाकल्या होत्या. हिशेब केला तर चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गेलं. आणि ‘हॅलोविन’मधली भीती राहते ती नेमकी त्या कडांना. रस्त्याने मुली बोलत चालल्या आहेत, त्यांच्या बाजूला लांबच लांब रिकामी जागा ठेवली आहे. त्या जागेत बहुतेक वेळा काहीच नसतं. पण एकदा तिथे कोणीतरी उभं असलेलं दिसलं की पुढे प्रत्येक रिकामी जागा आपण स्वतः तपासायला लागतो. कुंपणाच्या झुडपाआड, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, मोटारीपलीकडे. लॉरी खिडकीतून खाली बघते तर दोरीवरच्या कपड्यांत तो उभा आहे. पुन्हा बघते तर नुसते कपडे हलताहेत. आणि हे सगळं भर दिवसा, स्वच्छ उन्हात. रात्र व्हायच्या आत सिनेमाने आपल्या डोळ्यांना पहाऱ्यावर बसवलेलं असतं.

श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या या माणसाचं नाव मायकेल नाहीच, तिथे लिहिलंय ‘द शेप’, म्हणजे आकृती. प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाला याहून नेमका शब्द सुचणार नाही.

आता पैशांचं. सिनेमाचा सगळा खर्च तीन ते सव्वातीन लाख डॉलर, चित्रीकरणाचे दिवस साधारण वीस. हॉलीवूडच्या मानाने ही रक्कम किरकोळ. म्हणून लोक म्हणतात की पैसे नव्हते, त्यामुळे कल्पकता आली. माझं मत वेगळं आहे. पैसे नसलेली नाटकं मी शेकड्याने पाहिली आहेत आणि त्यांतली बहुतेक नुसती पैसे नसलेली होती. ‘हॅलोविन’चं मोठेपण पैसा कुठे घातला आणि कुठे मुळीच घातला नाही, या निवडीत आहे. भिंगांवर घातला. पॅनाग्लाइड नावाच्या, अंगावर बांधून चालता येणाऱ्या कॅमेऱ्यावर घातला, जो तेव्हा नवाच होता. मायकेलचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लूमिस यांची भूमिका करणाऱ्या डोनाल्ड प्लेझन्स यांना पाच दिवसांचे वीस हजार डॉलर दिले, कारण वेड्यावाकड्या गोष्टी गंभीरपणे बोलणारा एक पक्का नट हवाच होता. आकृती झालेल्या निक कॅसल यांना मात्र दिवसाला पंचवीस डॉलर. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिस यांचे कपडे साध्या दुकानातून शंभर डॉलरच्या आत घेतले.

आणि मुखवटा दोन डॉलरच्या आत. सिनेमाचे कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी दुकानातून ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा, रबरी मुखवटा आणला. भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि सगळ्यावर पांढरा रंग फवारला. माझ्या धंद्याच्या नजरेतून मला हा मुखवटा अजोड वाटतो. पांढरा असल्यामुळे निळा दिवा टाका, निळा होतो. कडेने उजेड द्या, अर्धाच उरतो. जरासा उजेड लागला तरी काळोखातून तो सगळ्यात आधी वर येतो. आणि भोकं मोठी केल्यामुळे डोळ्यांच्या जागी बहुतेक वेळा सावलीच बसते. रागीट राक्षसाचा मुखवटा घेतला असता तर भीती त्या रंगवलेल्या रागातच संपली असती. इथे चेहऱ्यावर काहीच नाही, त्यामुळे तो आता काय करेल याचा अंदाज बांधता येत नाही. स्वयंपाकघरात बॉब नावाच्या तरुणाला भिंतीला चाकूने खिळवून टाकल्यावर तो मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून बघत राहतो. भिंतीवरची तसबीर सरळ लागली की नाही ते पाहावं, तसा. त्या प्रसंगात रक्त जवळजवळ नाहीच. मी आजही तो सलग बघू शकत नाही.

गाव दाखवलंय इलिनॉय राज्यातलं हॅडनफिल्ड, चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. ऑक्टोबरची पानगळ आणायची कुठून? पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, दृश्य झालं की गोळा केली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरली. काही ठिकाणी मागे ताडाची झाडं दिसतात. दिसू देत. तीच पोतीभर पानं गाडीत घालून पुढच्या मुक्कामी नेणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत आणि मला त्यांच्याबद्दल फार प्रेम आहे.

सुरुवातीचा तो प्रसिद्ध प्रसंगही असाच हातांनी उभा केलेला. चार मिनिटं आपण कोणाच्या तरी डोळ्यांतून बघत असतो. घराबाहेरून आत डोकावतो. वरच्या मजल्यावरचा दिवा मालवला जातो. मग मागच्या दाराने स्वयंपाकघर, खण उघडून चाकू, जिना, बहिणीची खोली. मध्येच मुखवटा चढतो आणि उरलेलं सगळं डोळ्यांच्या दोन भोकांतून दिसतं. मुखवटा चढवण्याच्या त्या क्षणी जोड लपवला आहे. चाकू उचलणारे हात सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांचे आहेत. घर होतं मोडकळीला आलेलं. कथेत पंधरा वर्षं ओसाड पडलेलं घर म्हणून आधी ते तसंच वापरलं, आणि हा प्रसंग शेवटी ठेवून सगळ्या टीमने मिळून ते रंगवून राहतं केलं. या प्रसंगानंतर दुसरा माणूस पडद्यावर मरताना दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त सिनेमा संपलेला असतो. तेवढा वेळ या मुली नुसत्या बोलतात, हसतात, फोन करतात, मक्याच्या लाह्या फोडतात. मुलींच्या तोंडचं बोलणं मुख्यतः डेब्रा हिल यांचं, आणि ते खरं वाटतं. माणूस आधी ओळखीचा झाल्याशिवाय त्याच्या मागे उभ्या असलेल्याची भीती वाटत नाही.

संगीताबद्दल बोलायचा अधिकार माझा नाही, माझ्या तबलजी मित्राचा आहे. भिंतीवर सिनेमा चालू असताना तो मांडीवर बोटं आपटत होता. संपल्यावर म्हणाला, “मात्रा दहा आहेत, पण झपताल नाही. आपला दोन-तीन-दोन-तीन. हा तीन-तीन-दोन-दोन धरतो. म्हणून सम येते तरी टेकल्यासारखं वाटत नाही.” कारपेंटर यांचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला लहानपणी बोंगोवर पाचाची लय शिकवली होती, तीच त्याने पियानोवर घेतली. कारपेंटर यांनीच सांगितलेली गोष्ट आहे: संगीत नसलेला सिनेमा त्यांनी एका मोठ्या स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना मुळीच भीती वाटली नाही. मग हे संगीत घातलं.

सिनेमाने जगभरात सात कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला आणि मग रांग लागली. 1980 साली ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला, या सिनेमाचं यश बघूनच काढलेला. त्यातली टॉम सॅव्हिनी यांची रंगभूषा कौशल्याची आहे, पण तिथून लोक मुडदे मोजायला लागले. कोण कसा मेला, किती रक्त उडालं. खून नीट दिसावा म्हणून उजेड आला, आणि कडा रिकाम्या राहिल्या नाहीत. मला ते सिनेमे बघवतात. मध्येच उठून चहा करून आणता येतो.

‘हॅलोविन’मध्ये खून सोडून एक दृश्य आहे, त्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. जखमी लॉरी शेजारच्या घराचं दार बडवते, वाचवा म्हणून किंचाळते. बाहेरचा दिवा लागतो. खिडकीची पट्टी हलते, आतून कोणीतरी बघतं. आणि दिवा बंद होतो. माझ्या लेखी सबंध सिनेमातलं सगळ्यात निर्दय काम त्या बटणावरच्या बोटाने केलं आहे.

ती डीव्हीडी पाहिल्यानंतरच्या वर्षी आम्ही भावे नाट्यमंदिरात एक नाटक करत होतो. म्हातारा एकटा जेवायला बसतो, मागे माजघराचं दार. दिग्दर्शकाला तिथे लाल झोत हवा होता, पाठोपाठ वीज कडाडल्याचा आवाज. मी हात जोडले आणि म्हटलं, एक प्रयोग माझ्या पद्धतीने होऊ द्या. दाराच्या आत खुंटीला पांढरं लुगडं टांगलं, बाजूला साठ वॅटचा एक बल्ब. म्हाताऱ्याने वरण कालवायला घेतलं आणि मी डिमरची पट्टी सरकवायला सुरुवात केली, मनात आकडे मोजत. दहाला काही नाही. वीसला काही नाही. म्हातारा जेवत होता, माणसं त्याच्या हाताकडे बघत होती. तिसाच्या पुढे कुठेतरी बाल्कनीतून एका लहान मुलाचा आवाज आला, अगदी हळू, “आई, आत कोणीतरी उभंय.”

सगळं नाट्यगृह दाराकडे वळलं. मी पट्टी आहे तिथेच धरून ठेवली.